आकडीतला कोयता, खिशातला चाकू

कर्जतहून मुरबाडकडे निघालं की वाटेत कशेळे लागतं. इथून एक वाट आंबिवलीला, म्हणजे कोथळीगडाच्या पायथ्याला जाते. दुसरी खांडसला जाते आणि तिथून शिडीघाट नि गणेशघाट भीमाशंकरला चढतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी नाक्यावर थोडा वेळ उभं राहिलं तर रानात जाणारी दोन तऱ्हांची माणसं दिसतात. एक मुंबई-पुण्याकडची, पाठीवर सॅक, पायात ट्रेकिंगचे बूट. दुसरी इथली ठाकर, कातकरी माणसं. त्यांच्याकडे सामान म्हणाल तर एकच, कमरेला मागच्या बाजूला बांधलेल्या आकडीत अडकवलेला कोयता. माणूस वाकला, चढला, झाडावर गेला तरी तो पडत नाही, आणि हात मागे नेला की मूठ थेट पंजात येते. इतकी सोयीची म्यान कुठल्याही परदेशी कंपनीच्या कॅटलॉगात मला अजून दिसलेली नाही.

पहिल्या मंडळींपैकी एखाद्याच्या खिशात मिटवायचा चाकू असतो. वाढदिवसाला मिळालेला, परदेशातून कुणी आणलेला किंवा हौसेनं मागवलेला. खांडसच्या वाटाड्याच्या हातात तो दिला तर तो पातं उघडतो, मिटवतो, अंगठा धारेवर आडवा फिरवून बघतो आणि हसून परत देतो. त्या हसण्याचा अर्थ उघड आहे: याने काय तुटणार? त्याचं बरोबरच आहे, याने काही तुटत नाही. पण खिशातला चाकू तोडायला नसतोच. तो कापायला, सोलायला, तासायला आणि खाच पाडायला असतो. रानात त्याच्याबद्दल होणाऱ्या बहुतेक तक्रारी, मोडलेली पाती आणि कापलेली बोटं यांचं मूळ एकच: त्याच्याकडून कोयत्याचं काम करून घेण्याचा हट्ट.

कोयता आपल्या वजनावर काम करतो. पातं जाड, टोकाकडे वळलेलं आणि पुढे जड. गावचा लोहार ते बहुधा ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून घडवतो, कारण ते पोलाद धक्के खायलाच बनवलेलं असतं. धारेपुरतं पाणी दिलं की ते कठीण होतं, मागचा भाग चिवट राहतो. मोळीची लाकडं, कुंपणाची काटेरी फांदी, वाटेवर आडवी आलेली करवंदीची जाळी, सगळ्यांना तोच. हात उचलायचा आणि सोडायचा, बाकीचं काम वजन करतं. चाकूला वजन नसतं. त्याचं पातं दोन-अडीच मिलिमीटर जाड आणि सात-आठ सेंटिमीटर लांब, शिवाय मुठीला ते एका खिळ्यावर जोडलेलं. या खिळ्यामुळे तो खिशात मावतो आणि या खिळ्यामुळेच तो कोयत्यापुढे कमजोर ठरतो.

तेव्हा आधी हा सांधा समजून घेऊ. मिटणारा चाकू फार जुना आहे. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट इथे सापडलेला हाडाच्या मुठीचा नमुना इसवीसनापूर्वी ६००च्या आसपासचा मानतात आणि रोमन सैनिकांकडेही असे चाकू असत. आपल्याकडे खिळ्यावर फिरणाऱ्या पात्याची सगळी कारागिरी अडकित्त्यात गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिले की एवढ्या छोट्या हत्यारावर किती जीव ओतला होता ते कळतं. चाकूच्या वाट्याला मात्र ते प्रेम आलं नाही. त्याचं नाव काढलं की आपल्याला हिंदी सिनेमातला रामपुरी आठवतो आणि त्याच्या पाठोपाठ तो उघडल्याचा खटका. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचं हे दुर्दैवच म्हणायचं. अलीकडे पुण्यातल्या ‘कोयता गँग’च्या बातम्यांनी बिचाऱ्या कोयत्यालाही त्याच पंगतीत बसवलं आहे.

साध्या, पारंपरिक चाकूत खटका नसतो. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लांब कमान बसवलेली असते. पात्याच्या बुडाला चौकोनी टाच असते आणि ती या कमानीवर दाबून बसते. पातं पूर्ण उघडलं की टाचेची सपाट बाजू कमानीला टेकते आणि पातं ‘बसतं’. मिटवताना आपण कमानीचा जोर मोडून काढतो. म्हणजे उघडं पातं जागेवर धरून ठेवतो तो फक्त त्या कमानीचा दाब, त्याला कुलूप नसतं. धारेच्या बाजूनं जोर लावला तर पातं आणखी उघडायला बघतं आणि ते धोक्याचं नाही. पाठीच्या बाजूनं जोर आला, किंवा टोक कशात तरी खुपसून पिळलं, की कमान हरते आणि पातं सरळ बोटांवर मिटतं. चाकूनं भोक पाडू नये, डबा उचकटू नये, पात्याच्या पाठीवर दगड हाणून लाकूड फोडू नये, हे सगळे नियम त्या एका कमानीतून निघतात. कमान कळली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात जोझेफ ओपिनेल यानं १८९०मध्ये बनवायला घेतलेला चाकू याहूनही साधा. लाकडाची एक गोल मूठ, तिला चीर आणि चिरेत पातं. त्यात कमानही नाही. १९५५पासून त्यावर फिरणारी एक पत्र्याची कडी आली. ती वळवली की पातं उघडं ते उघडंच राहतं. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांचा १८९७चा लाल मुठीचा ऑफिसर चाकू जगभर गेला. त्यात मोठं पातं, छोटं पातं, डबा उघडणी, बूच काढायचा पेच. आपल्याकडे ‘स्विस नाइफ’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तोच येतो. हौशी माणसं आणखी वीस अवजारं असलेला घेतात. माझं मत विचाराल तर रानात त्यातली दोनच लागतात, पातं आणि छोटी करवत. उरलेली अवजारं खिशाला जड होतात आणि त्यांच्या फटींत माती जाऊन बसते.

करवतीचा विषय निघाला म्हणून एक आठवण. १९४२च्या लढ्यात माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता याच कर्जत-मुरबाडच्या रानात होता. मुंबईला वीज नेणारे मनोरे त्यांनी पाडले ते करवतीच्या पात्यांनी, रात्रीच्या वेळी, एकेक पाय कापून. कोयते तर त्या मुलखात घरोघर होते. पण लोखंडी मनोऱ्यापुढे कोयत्याचा उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. काम ओळखून हत्यार निवडण्याचा याहून मोठा दाखला या तालुक्यात मिळायचा नाही.

आता चाकूच्या कामांकडे येऊ. पहिला पाऊस पडून गेला की कशेळ्याच्या आसपासच्या रानात शेवळं जमिनीतून वर येतात. ठाकर आणि कातकरी बायका त्यांच्या जुड्या बांधून रस्त्याकडेला नि कर्जत-नेरळच्या बाजारात विकायला बसतात. शेजारी काकडांचा वाटा हमखास असतो, कारण शेवळं खाजरी असतात आणि काकडाच्या आंबटानं त्यांची खाज मारावी लागते. शेवळं साफ करणं हे खिशातल्या चाकूचं अगदी जातीचं काम आहे. वरची पानासारखी आवरणं एकेक सोलून काढायची. आत दांडा दिसतो, आणि त्याच्या खालच्या अंगाला दाणेदार पिवळसर भाग असतो. तोच फार खाजतो. तिथे पातं दांड्याला समांतर धरून, अंगठ्यानं शेवळ फिरवत, तो भाग खरवडून टाकायचा. पातं फिरवायचं नाही, शेवळ फिरवायचं. कोयत्यानं हे होणार नाही. विळीवर होतं, पण विळी काही सॅकमध्ये मावत नाही. हातांना आधी तेल नाहीतर चिंचेचं पाणी लावा. आणि जे शेवळ तुम्ही स्वतः ओळखू शकत नाही ते बाजारातल्या मावशींकडूनच घ्या, रानातून उपटू नका. त्याच्यासारखे दिसणारे इतर कंद आहेत आणि त्यातले सगळे पोटाला सोसणारे नाहीत. कशेळ्यातल्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं इथल्या औषधी वनस्पतींवर आणि भाताच्या जुन्या वाणांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. तरीही या भागातली रानभाज्यांची खरी माहिती आजही त्या बाजारात बसलेल्या बायकांकडेच आहे.

पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब येतात, त्यांना वास्ते म्हणतात. वरची राठ सालपटं चाकूनं उभी चिरून उलगडायची आणि आतला पांढरा गाभा पातळ चकत्या करून पाण्यात भिजत घालायचा. हे भिजवणं टाळू नका. कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात आणि ती पाणी बदलून, उकळून काढावी लागतात. उन्हाळ्यात कैरी, रानआंबे, फणसाचे गरे. सकाळी करंजाची किंवा कडुनिंबाची काडी कापून दातवण. काडी मात्र ओळखीची हवी. कण्हेर विषारी आहे, शेराचा नि रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा करतो, बिब्ब्याच्या रसानं अंगावर फोड येतात. कुठल्याही अनोळखी झाडाची फांदी तासून तिच्यावर बटाटे भाजायला खोचू नयेत, हे मुलांना चाकू हातात देण्याआधी सांगायला हवं.

लाकूड तासण्याचं एक काम शिकून ठेवावं: तंबूची खुंटी. ती कोथळीगडाच्या पायथ्याशीसुद्धा हटकून कमी पडते. पडलेला, वाळलेला बांबू किंवा कारवीची अंगठ्याएवढी जाड वाळकी काडी घ्या. कारवी इथे मुबलक. सात-आठ वर्षांनी एकदा सगळं रान फुलतं, बी पडतं आणि झुडपं वाळतात. हीच वाळकी कारवी बांधून, शेणामातीनं लिंपून ठाकरवाडीतल्या घरांचे कूड उभे राहतात. वीतभर तुकडा करा. टोक काढताना चार बाजूंनी चार फटकारे, दर वेळी पातं अंगापासून लांब जाईल असे. काडी मांडीवर टेकवू नका. गुडघ्याच्या पुढे, बाहेरच्या अंगाला धरा. मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रोहिणी जाते, तिथला काप रानात निस्तरता येत नाही.

मग दोरी अडकायची खाच. वरून दोन बोटं सोडून पातं काडीवर आडवं ठेवा आणि काडी हळूहळू फिरवत, पातं डोलवत सरळ खाली दाबा. जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेलं की थांबा. ही झाली भिंत. आता टोकाच्या बाजूला सुमारे एक सेंटिमीटरवर पातं तिरकं लावा. काडी धरलेल्या डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवा. उजव्या हातानं फक्त दिशा द्यायची, ढकलायचं काम अंगठ्याचं. पातं त्या भिंतीपाशी येऊन आपोआप अडतं आणि ढलपी टप्पकन सुटते. दोन-तीन ढलप्यांत खाच तयार. जोर कमी आणि ताबा जास्त, ही पद्धत एकदा हाताला बसली की चमचा, भोवऱ्याची आर बसवायचं भोक सोडून बाकीचा भोवरा, काहीही तासता येतं. बांबूला एकच सावधगिरी: त्याच्या चिपेची कड पात्याइतकीच कापते, म्हणून फाटलेल्या कडेवरून बोट ओढू नका.

लाकूडही निवडावं लागतं. पांगारा आणि सावर मऊ, शिकाऊ हाताला योग्य. शिवणीचं लाकूड तासायला गुळगुळीत, अंगावर रेषा न उठणारं. ऐन आणि धावडा वाळल्यावर चाकूला दाद देत नाहीत, धार जाते आणि हातात काही येत नाही. तिवसाचं लाकूड अवजारांच्या दांड्यांना लागतं, ते तासायला कोयता किंवा वाकस हवा. आणि यातलं काहीही उभ्या झाडाचं घ्यायचं नाही. पडलेलं, वाळलेलं, तेही राखीव जंगलाच्या बाहेर किंवा गावकऱ्यांना विचारून. ओली फांदी तोडून शेकोटी पेटतही नाही, नुसता धूर होतो.

पावसात शेकोटी पेटवायची असेल तर मात्र चाकू कामाला येतो. वरून भिजलेली पण आतून कोरडी काडी घ्या. साल काढा, मग पातं चपटं धरून काडीवर पातळ ढलप्या उठवत जा, पण त्या तोडू नका. काडीच्या टोकाला कुरळ्या ढलप्यांचा झुबका राहायला हवा. असे चार झुबके एकत्र उभे केले की एक काडी पुरते, नाहीतर अख्खी पेटी ओल्या लाकडावर संपते.

रायगडात बाहेर रांधायचं म्हणजे पोपटी. भात काढून झाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत त्याच्या शेंगा भरतात आणि संध्याकाळी शेतांच्या बांधांवर धूर दिसू लागतो. मडक्याच्या तळाला आणि कडांना भांबुर्ड्याचा पाला लावायचा, शेंगांना जाडं मीठ नि ओवा चोळायचा, मध्ये बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी. तोंड पुन्हा भांबुर्ड्यानं गच्च बंद करून मडकं जमिनीवर उपडं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. वर पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या रचून जाळ. अर्ध्या तासानं मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र झालं की पोपटी झाली. यात चाकू पाला छाटतो, बटाट्यांना चिरा देतो, कांदा-लिंबू कापतो. कोंबडीला मात्र घरची सुरी न्या. मिटणाऱ्या चाकूच्या सांध्यात कच्च्या मांसाचं पाणी शिरलं तर ते तिथेच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चाकूनं तुम्ही पेरू कापणार असता. पोपटी कापणी झालेल्या शेतातच लावावी. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीच्या या उतारांवरचं गवत ठिणगीचीच वाट पाहत असतं.

चाकू घेताना दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो पोलादाचा: स्टेनलेस की साधं? शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३मध्ये क्रोमियम मिसळून न गंजणारं पोलाद केलं, तोवर जगातले सगळे चाकू गंजणारेच होते. साध्या कार्बन पोलादाला धार पटकन लागते, दगडाच्या चार फटक्यांत परत येते. पण कर्जतचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. जुलैत सॅकच्या कप्प्यात ओला ठेवलेला कार्बनचा चाकू सकाळपर्यंत तांबारतो. कैरी नि काकड कापलं की पात्यावर निळसर काळे डाग येतात. हे डाग गंज नव्हेत. उलट तो थर थोडाफार गंज अडवतो. घासून घासून पातं चकचकीत ठेवण्याचा नाद सोडून द्या. वापरल्यावर पुसा, कोरडं करा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि एक थेंब सांध्यात सोडा. घरातलं खोबरेल यासाठी उत्तम, कारण याच पात्यानं आपण खातोही. लाकडी मूठ पावसात फुगते आणि पातं आत अडकून बसतं. सॅव्हॉयचे शेतकरी अशा वेळी मुठीचं बूड टेबलावर ठोकतात, मग पात्याची पाठ बोटांत येण्याइतकी वर येते. मुठीला वर्षातून एकदा जवसाचं तेल पाजलं तर हा खटाटोप कमी होतो. ज्याला एवढी उस्तवार नको त्यानं स्टेनलेस घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

सांबरशिंगाच्या मुठीचा ‘जुना’ चाकू कुणी देऊ केला तर घेऊ नका. सांबराच्या शिंगाची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्यानं बंद आहे.

धारेबद्दल लोकांच्या मनात उलटी समजूत असते की बोथट चाकू सुरक्षित. बोथट पातं लाकडात शिरत नाही, म्हणून आपण जोर वाढवतो, आणि ते घसरतं तेव्हा तो सगळा जोर बोटावर येतो. धार लावायला निसणा पुरे. पाण्यानं ओला करा. पातं दगडावर काटकोनात उभं धरा, तो कोन अर्धा करा, पुन्हा अर्धा करा, झाले साधारण २२ अंश. त्याहून किंचित खाली ठेवलं की खिशातल्या चाकूला नेमका कोन मिळतो. कोयत्याची धार याहून जाड असते, कारण तिला गाठींवर आपटायचं असतं. दगडाची पातळ चकती कापायची आहे असं समजून पातं बुडापासून टोकापर्यंत एका ओढीत न्या. एका बाजूला जितके हात, तितकेच दुसऱ्या बाजूला. धारेच्या पलीकडच्या अंगाला नखाला खरखर लागली की ती बाजू झाली. शेवटी चामडी पट्ट्यावर पातं उलट्या दिशेनं, पाठ पुढे करून, दहा-बारा वेळा ओढा. गावात कोयते विहिरीच्या नाहीतर उंबऱ्याच्या दगडावर घासतात. तो आपला काळा पाषाण, कोयत्याला चालतो, पण चाकूच्या बारीक धारेला खरखरीत पडतो. निसणा नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची चकाकी नसलेली कडा वापरा. आणि खंडेनवमीला झेंडूचं फूल वाहण्याआधी हत्याराला धार लावलेली असावी, एवढं तरी पाळावं.

मुलांच्या हाती चाकू द्यावा का? द्यावा, पण चालताना नाही. बसून, हात लांब केल्यावर कुणाला लागणार नाही एवढी जागा सोडून. दुसऱ्याला देताना मिटवून द्यायचा, उघडा कधीच नाही. पडणारा चाकू झेलायचा नाही, पडू द्यायचा.

एक काम चाकूनं कधीही करू नये आणि ते सिनेमांनी आपल्या डोक्यात घट्ट बसवलं आहे: साप चावल्यावर जखमेवर चिरा देऊन रक्त काढणं. विष असं निघत नाही. घोणस चावलेली असेल तर रक्त गोठण्याची ताकदच गेलेली असते, मग त्या चिरेतून वाहणारं रक्त थांबत नाही. दोरी आवळायची नाही, चोखायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला कशेळ्याच्या किंवा कर्जतच्या सरकारी दवाखान्यात पोचवायचं आणि वाटेत १०८ला फोन करायचा. विंचवाचंही तेच. याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून जीव वाचवता येतात हे दाखवून दिलं. ते औषध गोळीच्या रूपात मिळतं, त्यासाठी पात्याची गरज नाही.

आता कायदा. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे येतात, आणि त्यातूनही घरगुती नि शेतीच्या कामाची हत्यारं वगळलेली आहेत. तीन इंची चाकू त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात आणि त्या काळात चाकू-सुरे बाळगण्यावर बंदी येते. कर्जत लोकलमध्ये तो खिशात किंवा पट्ट्याला नको, सॅकच्या तळाशी, डब्याबरोबर असावा. पोलिसानं विचारलं तर पोपटीला चाललो हे उत्तर खरं असलं म्हणजे झालं.

खांडसहून वर चढणाऱ्यांना मात्र वेगळी गोष्ट लक्षात ठेवायची आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५मध्ये शेकरूसाठी जाहीर झालं आणि त्याचा काही भाग कर्जत तालुक्यातही येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३१ सांगतं की लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जाता येत नाही, आणि त्याच कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत बंदूक, फासे, जाळी यांच्या ओळीत चाकूही लिहिलेला आहे. पात्याची लांबी तिथे विचारात घेतलेली नाही. तेव्हा कोथळीगडाला किंवा शेतावरच्या पोपटीला चाकू जरूर न्या. भीमाशंकरला जाणार असाल तर वन खात्याची परवानगी काढा, नाहीतर जिथे पोहे खाल्ले त्या खांडसच्या घरी तो ठेवून वर जा. वाटेतले सरबतवाले लिंबू कापून देतात.